हिरवा दिवा आणि पहाटेचा खोकला: एका घराच्या हवेची तपासणी

तिसऱ्या मजल्यावरचं दोन शयनगृहांचं घर. आई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि आजी. मुलीला रात्री आणि पहाटे खोकल्याची उबळ येते; दिवसा शाळेत, मैदानावर ती ठीक असते. आईचं डोकं सकाळी जड असतं. आजीच्या खोलीत कपाटामागे काळे ठिपके उमटलेत आणि त्या खोलीत जरा वेळ बसलं की वडिलांना शिंका सुरू होतात. चार दिवस बाहेरगावी गेलं की सगळ्यांच्याच तक्रारी कमी होतात. परत आलं की दोन-तीन रात्रींत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घरातली माणसं हातावर हात ठेवून बसलेली नव्हती. रस्त्याची धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या कायम बंद ठेवल्या होत्या. दिवाणखान्यात एअर प्युरिफायर आणला होता. हवा शुद्ध करतात असं वाचून कुंड्या आणल्या होत्या. कोंदट वास जावा म्हणून सुगंधी स्प्रे होता. प्युरिफायरचा दिवा जवळजवळ नेहमी हिरवा असे, आणि गोंधळाचं मूळ तिथेच होतं. यंत्र सांगतंय हवा चांगली आहे, आणि पोर रात्रभर खोकतंय. मग दोष कुणाचा?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे घर कुण्या एका कुटुंबाचं नाही. घरोघरी पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एका छताखाली आणून मांडलेलं हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. खोलीतले आकडे अशा आकाराच्या खोलीत, इतक्या माणसांसाठी हिशेबाने जे येतात ते घेतले आहेत. मुलीचे उपचार डॉक्टरांकडे चालू आहेत आणि ते तसेच चालू राहतात. घराची हवा सुधारणं हा औषधाला पर्याय नाही, त्याच्या जोडीचं काम आहे.

मोजणीच्याही आधी

तपासणी करणाऱ्या अभियंता बाईंनी पिशवीतून मापक काढण्याआधी घरभर एक फेरी मारली. न्हाणीघरात गॅसवर चालणारा गीझर होता. जळालेला वायू बाहेर नेणारी नळी त्याला नव्हती, खिडकीची फट कागदाने बंद केलेली होती आणि ज्योत निळी असण्याऐवजी पिवळसर होती. त्यांनी गीझर त्याच क्षणी बंद करायला सांगितला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ताकदीने चिकटतो, आणि माणूस काय होतंय ते कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो. सकाळी डोकं जड होणं हे त्याचंही लक्षण असू शकतं. घराच्या हवेची बाकी सगळी कामं महिनाभर थांबली तरी चालतात, हे एक थांबत नाही. गीझर काढून विजेवर चालणारा बसवला आणि शयनगृहांच्या बाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. साधा हवा-मापक किंवा प्युरिफायरचा दिवा हा वायू ओळखत नाही. त्यासाठी वेगळाच सेन्सर लागतो.

हे काम आधी उरकण्यामागे आणखी एक कारण होतं. पुढे स्वयंपाकघरातली चिमणी थेट बाहेर जोडायची होती. बंद घरात जोरदार पंखा हवा बाहेर फेकू लागला की तितकीच हवा कुठून तरी आत ओढली जाते, आणि जवळपास जळणारा गीझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी गीझर, मग चिमणी.

मापक काय सांगतात

आठवडाभरासाठी तीन गोष्टी घरात ठेवल्या: कार्बन डायऑक्साइड मोजणारा मापक, सूक्ष्म धूलिकण मोजणारा मापक आणि तापमानासह आर्द्रता दाखवणारा. कार्बन डायऑक्साइडचा मापक घेताना तो इन्फ्रारेड किरणांनी मोजणारा आहे ना, हे पाहिलं. स्वस्तातली काही यंत्रं दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि पडद्यावर मात्र कार्बन डायऑक्साइडचा आकडा दाखवतात. मापक उशाला, तोंडासमोर किंवा खिडकीच्या चौकटीत ठेवले नाहीत. झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, पण अंथरुणापासून थोडे दूर ठेवले.

सोबत एक वही. किती वाजता शेगडी पेटली, खिडकी कधी उघडली, फवारा कधी मारला, कपडे कुठे वाळत घातले, मुलगी कधी खोकली. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी साधन ही वहीच. नुसता आलेख म्हणजे चढउतार. शेजारी वही ठेवली की प्रत्येक चढाचं कारण कळतं.

पहिल्याच रात्री शयनगृहातला कार्बन डायऑक्साइड चढत चढत पहाटे ३००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३००० भाग) वर गेला. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएमच्या थोडा वर असतो. वडिलांचा विश्वास बसेना. "अहो, पण एसी चालू असतो ना रात्रभर?" हा गैरसमज फार घरांत आहे. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही.

हिशेब अवघड नाही. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२ ते १४ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, मूल थोडा कमी. मुलगी आई-वडिलांजवळच झोपते, म्हणजे तिघांचा मिळून तासाला सुमारे ३५ लिटर. खोली ३० घनमीटरची, दार बंद, खिडकी बंद. हवा अजिबात बदलली नाही तर दर तासाला साडेअकराशे पीपीएमची भर पडेल. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा बदलतेच. ती किती, हे शोधायची युक्ती अशी: सकाळी सगळे खोलीबाहेर पडले की दार तसंच बंद ठेवायचं आणि आकडा किती वेगाने उतरतो ते पाहायचं. इथे एका तासात तो ३१०० वरून २२२० वर आला. दोन्हींमधून बाहेरचे ४२० वजा केले की उरतात २६८० आणि १८००. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.४, म्हणजे खोलीतल्या हवेची बदली ताशी ०.४ पट. साध्या भाषेत, खोलीभर ताजी हवा आत यायला अडीच तास. तीन माणसांसाठी हे फारच तुटपुंजं आहे.

इथे घाबरवून सोडणं मला पटत नाही. ३००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड म्हणजे विष नव्हे. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ५००० पीपीएमची मर्यादा अनेक देशांत मानली जाते. सकाळच्या डोकेदुखीला तोच जबाबदार, असंही ठामपणे म्हणता येत नाही. त्याचं महत्त्व वेगळं आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली १००० पीपीएमची खूण सुचवली ती याच अर्थाने: श्वासातून बाहेर पडलेला वायू साचतोय, याचा अर्थ श्वासातली वाफ, अंगाचा वास, जंतू, फर्निचरमधून सुटणारी रसायनं हे सगळंच साचतंय. हा आकडा घराच्या बंदिस्तपणाचा पुरावा आहे.

मग हिरवा दिवा खोटा होता का? नाही. प्युरिफायरमधला सेन्सर फक्त धूलिकण पाहत होता, तेही फक्त दिवाणखान्यात, स्वतःच्या तोंडाशी. तिथली धूळ खरंच कमी होती. कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्याशी त्या यंत्राला काही देणंघेणं नाही. धूळ अडवणाऱ्या फिल्टरमधून वायू सरळ आरपार जातो.

संध्याकाळचा डोंगर

धूलिकणांच्या आलेखावर रोज संध्याकाळी एक डोंगर उभा राहत होता. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. हे कण नाकात-घशात अडकत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि वर्षाची ५ पेक्षा. शेगडीवर तेल तापलं की स्वयंपाकघरात हा आकडा काही मिनिटांत शेकड्यांत जात होता.

चिमणी होती, चालूही होती, आवाजही दणदणीत होता. पण ती बाहेर जोडलेलीच नव्हती. हवा चरबी धरणाऱ्या जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून जाऊन वरच्या झडपेतून परत स्वयंपाकघरात येत होती. अशी चिमणी तेलकटपणा आणि थोडा वास धरते. वाफ, गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि बारीक धुराचा मोठा भाग घरातच राहतो. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला चुरचुरवतो, दमेकरी मुलांना त्याचा त्रास जास्त होतो.

आणि मग तो धूर जातो कुठे? संध्याकाळी घरातली सगळी दारं उघडी. धूर शयनगृहापर्यंत पोचायचा, नऊ-दहाच्या सुमारास तिघं झोपायला जायची आणि दार बंद व्हायचं. संध्याकाळची हवा रात्रीपुरती कोंडली जायची. इतक्या बंदिस्त खोलीत कणांचं प्रमाण निम्मं व्हायला तासभर लागतो, त्याच्या निम्मं व्हायला आणखी तासभर. वहीत मुलीच्या खोकल्याची पहिली उबळ बहुतेकदा झोपल्यावर तासाभरातच नोंदलेली होती. यावरून कारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करावं असा हा योगायोग नव्हता.

उपाय दोन प्रकारचे. एक बांधकामाचा: चिमणीला कडक पत्र्याची नळी जोडून ती जवळच्या बाहेरच्या भिंतीतून बाहेर काढली, वळणं कमीत कमी ठेवली. लवचीक, घड्यांची लांबलचक नळी लावली की पंख्याची अर्धी ताकद तिच्यातच जिरते. दुसरा सवयीचा: जास्त धूर होणारं भांडं मागच्या बर्नरवर ठेवायचं, कारण चिमणीचं तोंड त्याला नीट झाकतं, पुढच्या बर्नरचा धूर बाजूने निसटतो. चिमणी शेगडी पेटवण्याआधी लावायची आणि विझवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची. लांबची एखादी खिडकी थोडी उघडायची, म्हणजे बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी आत यायला वाट राहते. स्वयंपाक होईपर्यंत शयनगृहाचं दार बंद. झोपताना उघडं, सांजेला बंद. या घरात आजवर नेमकं उलटं चाललं होतं.

आजीच्या खोलीतले काळे ठिपके

काळी बुरशी दिसली की पहिला प्रश्न असतो, पाणी येतंय कुठून? बाहेरच्या भिंतीतून झिरपतंय, नळ गळतोय, की खोलीतली वाफच भिंतीवर बसतेय? या प्रश्नाचं उत्तर न शोधता भिंत रंगवणं म्हणजे पैसे आणि मेहनत वाया घालवणं. रंगाखालून बुरशी पुन्हा येते.

अभियंता बाईंनी भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला आणि दोन दिवस ठेवला. ओल प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला दिसली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला थेंब आले तर ते खोलीतल्या हवेतून. थेंब खोलीच्या बाजूला होते.

हवा २५ अंश, सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के: खोलीच्या मध्यात हा आकडा फार भीतिदायक वाटत नाही. पण कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून होतं. थंड दिवसांत कपाटामागची भिंत २० अंशांपर्यंत उतरत होती, कारण खोलीची ऊब तिथवर पोचतच नव्हती. तीच हवा २० अंशांच्या भिंतीला टेकली की भिंतीलगतची आर्द्रता ८८ टक्के होते. पृष्ठभागावर ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. खोलीच्या मध्यात टांगलेला आर्द्रतामापक म्हणूनच फसवतो. बुरशी वाढते ती सगळ्यात थंड कोपऱ्यात.

इतकी वाफ येत कुठून होती, ते वहीत होतं. धुतलेले कपडे याच खोलीत दोरीवर वाळत. यंत्रात पिळून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांत सुमारे दोन लिटर पाणी उरलेलं असतं. ते वाळतं म्हणजे ते दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. आजींनी लगेच विचारलं, "अगं बाई, मग कपडे वाळत घालायचे कुठे? सज्जा तर एवढासा." प्रश्न रास्त होता, आणि जो सल्ला या प्रश्नाचं उत्तर देत नाही तो आठवडाभरही टिकत नाही. गीझर निघाल्यावर न्हाणीघर मोकळं झालं होतं. तिथे छताला ओढून बांधायची दोरी लावली, एक्झॉस्ट फॅन दुरुस्त केला आणि दाराखाली बोटभर फट ठेवली, म्हणजे पंख्याला ओढायला हवा मिळते. कपडे वाळेपर्यंत दार बंद, पंखा चालू. आजींना हे पटलं, कारण कपडे लवकर वाळू लागले.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. बुरशीचा डाग एका चौरस मीटरपेक्षा लहान होता, त्यामुळे घरच्या घरी साफ करता आला: एन ९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, ओल्या फडक्याने पुसणं आणि मग भिंत पूर्ण कोरडी करणं. कोरड्या ब्रशने घासलं असतं तर बीजाणू खोलीभर उडाले असते. आजी आणि मुलगी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत होत्या. कपाटाची मागची फळी फुगून आतपर्यंत काळी पडली होती, ती बदलली. अशा सच्छिद्र वस्तूतली बुरशी पुसून निघत नाही. डाग काढायला ब्लीच आणि दुसरं कुठलंही सफाईचं द्रव्य एकत्र करायचं नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्ल मिसळलं की विषारी वायू सुटतो.

ओल कमी झाल्याचा फायदा फक्त या भिंतीपुरता नव्हता. गाद्या-उशांतले धूळमाइट, म्हणजे ॲलर्जीला कारण होणारे डोळ्यांना न दिसणारे जीव, हवेतला ओलावा शोषून जगतात, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली तर ते तग धरू शकत नाहीत. मुलीच्या चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायला सुरुवात केली, गादीला आणि उशीला घट्ट विणीचं कव्हर घातलं, आणि झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं.

खिडकी उघडायची की नाही

सगळ्यात लांबलेली चर्चा ही. वडिलांचा मुद्दा डावलण्यासारखा नव्हता. "खिडकी उघडली की तासाभरात टेबलावर काळी धूळ बसते, ती मला दिसते. तुम्ही सांगता ते दिसत नाही." रस्त्यावरची रहदारी खरीच होती आणि त्या धुरातले कणही तितकेच घातक.

बोलण्यापेक्षा मोजून पाहिलं. रस्त्याकडच्या खिडकीत धूलिकणांचा मापक ठेवला. रहदारीच्या वेळी आणि थंड पहाटे, जेव्हा हवा जमिनीलगत साचून राहते, तेव्हा आकडा चढत होता. दुपारी तो बराच खाली येत होता. शयनगृहाची दुसरी खिडकी इमारतीच्या आतल्या चौकाकडे उघडत होती. तिथे दिवसभर आकडा रस्त्यापेक्षा कमीच राहिला. दमट हवेत असे मापक पाण्याने फुगलेल्या कणांनाही धूळ समजून जास्त आकडा दाखवतात. म्हणून एकेका आकड्यावर वाद न घालता दोन खिडक्यांची एकाच वेळची तुलना पाहिली.

आधी एक सोपा प्रयोग केला: खिडकी बंद, फक्त शयनगृहाचं दार रात्री उघडं. घराच्या फटींतून येणारी हवा तेवढीच होती, पण तिघांच्या वाट्याला एका खोलीऐवजी सगळ्या घराची हवा आली आणि पहाटेचा आकडा निम्म्याहून खाली उतरला. मग चौकाकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवली. हवेची बदली ताशी दोन पटींवर गेली की हिशेबाने आकडा १००० च्या आसपास थांबतो, आणि थांबलाही तिथेच. एसीला जरा जास्त चालावं लागतं, हे खरं. आठ तासांच्या झोपेसाठी ती किंमत मला योग्य वाटते.

राहिला धुळीचा प्रश्न, आणि इथे प्युरिफायरला अखेर त्याचं खरं काम मिळालं. तो दिवाणखान्यातल्या सोफ्यामागून काढून शयनगृहात आणला, भिंतीपासून हातभर मोकळा ठेवला. खोली ३० घनमीटरची. तासाला पाच वेळा सगळी हवा फिल्टरमधून जायला हवी, तर यंत्राने तासाला १५० घनमीटर शुद्ध हवा द्यायला हवी. खोक्यावर ३०० लिहिलेलं होतं, पण तो आकडा पूर्ण वेगाचा, आणि त्या आवाजात कुणालाच झोप लागत नव्हती. सगळ्यात शांत वेगावर हवा फारच कमी मिळते. म्हणून मुलगी झोपायच्या आधी तासभर पूर्ण वेगाने आणि रात्री मधल्या वेगाने, असं ठरलं. खिडकी वायू आणि वाफ बाहेर नेते, प्युरिफायर तिच्यातून येणारे कण धरतो. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं काम जमत नाही. या घरात इतके महिने प्युरिफायरकडून खिडकीचं काम करून घ्यायचा प्रयत्न चालला होता.

फिल्टर हेपा जातीचा होता, ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण धरणारा. हा आकार धरायला सगळ्यात अवघड असतो. त्याहून मोठे कण आणि बहुतेक लहान कणही त्याहून सहज अडकतात. बदलायची तारीख मात्र कुणी नोंदली नव्हती, आणि फिल्टर करडा पडून गच्च झाला होता. नवा घातला.

काय केलं नाही

विक्रेत्याने घरच्यांना ओझोन सोडणारं यंत्र सुचवलं होतं, "जंगलासारखी ताजी हवा" म्हणून. ते घेऊ दिलं नाही. ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो. कॅलिफोर्नियाने तर हवा शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रांतून येणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएमची कायदेशीर मर्यादा घातली आहे. खोकणाऱ्या मुलाच्या खोलीत तो मुद्दाम सोडायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

सुगंधी स्प्रे बंद केला. अशा स्प्रेंमध्ये असणारं लिंबासारख्या वासाचं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिसळून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू आणि अतिसूक्ष्म कण तयार करतं. ओल गेल्यावर कोंदट वासही गेला, त्यामुळे स्प्रेची आठवण कुणाला झाली नाही.

कुंड्या ठेवल्या, पण हवेच्या हिशेबातून वगळल्या. झाडं घराची हवा स्वच्छ करतात हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगांतून पसरला, पण ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांतले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात हिशेब निघाला की खऱ्या घरात हवेच्या नेहमीच्या अदलाबदलीची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. पंधरा चौरस मीटरच्या दिवाणखान्यात कमीत कमी दीडशे. झाडं डोळ्यांना आणि मनाला हवीत म्हणून ठेवावीत, आणि कुंडीतली माती सतत ओली ठेवू नये.

सहा आठवड्यांनंतर

पहाटेचा कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आसपास. संध्याकाळचा धुराचा डोंगर अजून उभा राहतो, पण बुटका झाला आहे आणि शयनगृहापर्यंत पोचत नाही. आजीच्या खोलीत कपाटामागे ठेवलेला आर्द्रतामापक ५५ ते ६० च्या दरम्यान आहे, डाग परत आलेला नाही. वडिलांच्या शिंका तिथे थांबल्या. वहीत मुलीच्या खोकल्याच्या रात्री विरळ झाल्या आहेत. औषध डॉक्टरांनी तेच ठेवलं आहे, पुढच्या तपासणीत मात्रेचं पाहू म्हणाले. आईची डोकेदुखीही कमी झाली, पण गीझर आणि बंद खोली दोन्ही एकदमच बदलल्याने श्रेय नेमकं कुणाला द्यायचं ते सांगता येणार नाही. मला इथे खरं कारण शोधण्यापेक्षा दोन्ही गेली याचंच समाधान जास्त आहे.

मुलीच्या अभ्यासासाठी आणलेलं पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेल्या फळीचं, टेबल मात्र अजून वास सोडतंय. त्याच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं, उष्ण आणि दमट दिवसांत अधिक. हा वायू २००४ पासून कर्करोगकारक म्हणून निश्चित वर्गीकृत आहे, आणि हेपा फिल्टर त्याला धरत नाही. टेबल सज्जाजवळच्या हवेशीर कोपऱ्यात हलवलं, कापलेल्या उघड्या कडांना पट्टी लावून घेतली, आणि नवं कपाट घेताना ते मुलगी झोपते त्या खोलीत थेट न आणता काही आठवडे मोकळ्या जागी ठेवायचं ठरलं. दमट दिवस सुरू झाले की कपाटामागचा आर्द्रतामापक महिनाभर रोज वाचायचा आहे. आकडा सलग काही दिवस ६५ च्या वर राहिला तर आजीच्या खोलीसाठी आर्द्रता शोषणारं यंत्र आणायचं, आणि त्याची टाकी रोज रिकामी करायचं काम वडिलांनी आपल्याकडे घेतलं आहे.